पाय कोठे शे तुना?

सुरतेत सकाळी बागेत येणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक, चालून झाल्यावर लोचो खाणारे. दुसरा, लोचो खायचा म्हणून चालणारे. मी बरीच वर्षं दुसऱ्या पंथात सुखाने होतो. मग गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, बैठका बंद केल्या आणि 'ते चिनी लोक बागेत हळूहळू हात फिरवतात ना, ते सुरू करा' असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली.

अशी ताई ची माझ्याकडे आली. आधी चार दिवसांचं एक शिबिर, मग फोनवरचे व्हिडिओ, मग रोज पहाटे उधन्याकडच्या एका बागेचा कोपरा. चोवीस हालचालींचा संच असतो. सगळा केला तर पाच-सहा मिनिटांत संपतो. दीड वर्षात मी तो नऊ मिनिटांवर नेला. जितकं सावकाश तितकं मुरलेलं, अशी माझी समजूत होती आणि त्या नऊ मिनिटांचा मला मनातल्या मनात गर्वही होता.

त्याच बागेत आप्पा येतात. मूळचे अमळनेरकडचे. ऐंशीच्या दशकात तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले, लूमच्या खात्यात लागले आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करत तिथेच म्हातारे झाले. लिंबायत, डिंडोली, नवागामकडच्या किती घरांची हीच कथा. सकाळी दुधाच्या रांगेत उभं राहिलं तर अहिराणीच कानावर पडते. तरुणपणी आप्पा जत्रांमधून कुस्त्या करत. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांपासून, मग रोख रकमा, एकदा पितळी हंडा. हंडा कुठे गेला ते आता त्यांनाही आठवत नाही, पण दोन्ही कानांच्या झालेल्या गाठी अजून जागच्या जागी आहेत.

ते बरेच दिवस बाकावर बसून माझं बघत होते. एके दिवशी उठून जवळ आले.

"हाई काय शे?"

मी म्हटलं, "ताई ची. मूळची लढायची विद्या आहे, आप्पा."

"लढानी?" ते म्हणाले. "कोनासंगे?"

मला उत्तर सुचलं नाही. मी हसलो आणि संच पुढे चालू ठेवला. एक पाय पुढे, गुडघा वाकलेला, दोन्ही तळहात समोर ढकललेले. फोटोत फार छान दिसतो तो पवित्रा. आप्पा समोर आले. दोन बोटं माझ्या कोपराखाली लावली, जरासं स्वतःकडे ओढल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. ढकललंसुद्धा नाही. मी दवाने ओल्या हिरवळीवर बसलो होतो. पँट मागून भिजली. चालणाऱ्यांपैकी दोघं थांबली, मग शिष्टाचार म्हणून पुढे गेली.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "पाय कोठे शे तुना?"

त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, पाहिलं आणि बडोद्यापर्यंत जाऊन विचारलं, ते इथे मांडतो आहे.

*

पहिली गोष्ट नावाची. ताई चीच्या पुढे एक शब्द असतो, आपल्याकडे येता येता तो गळला. छ्वान. म्हणजे मूठ. हनान प्रांतात चेनजियागौ नावाचं गाव आहे, चेन आडनावाच्या लोकांचं. तिथे ही विद्या घराण्यात चालत होती. बाहेरचा एक माणूस, यांग लूछान, तिथे चेन छांगशिंगकडे शिकला. १७९९ ते १८७२ हा त्याचा काळ. पुढे तो बीजिंगला गेला, मांचू दरबाराच्या लोकांना शिकवू लागला आणि 'अजिंक्य यांग' म्हणून त्याचं नाव झालं. दंतकथा वगळल्या तरी एवढं उरतंच, की राजधानीत पोट भरायला निघालेल्या मुष्टियोद्ध्याला लोक समोर उभे करून बघत असत. नुसत्या सुंदर हालचालींवर तिथे पगार मिळत नव्हता.

आज आपण बघतो ती संथ, सलग, एका लयीतली ताई ची मात्र मुख्यतः त्याच्या नातवाची, यांग छंगफूची. उड्या गेल्या, पाय आपटणं गेलं, मधूनच सुटणारी झटक्याची मूठ गेली. चेन गावच्या जुन्या संचात हे सगळं अजून आहे. बराच वेळ रेशमाचा धागा ओढल्यासारखं चालतं आणि अचानक पाय धाडकन जमिनीवर येतो. छंगफूने धार काढून टाकली असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याच्यापुढे शहरातले मध्यमवयीन, बैठ्या कामाचे लोक होते. त्यांना ते झेपेल असं त्याने केलं. माझ्यासारख्यांसाठीच म्हणा ना.

आणि १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने त्यातल्याच चोवीस हालचाली निवडून सगळ्या देशाने करावा असा एक छोटा संच बसवला. म्हणजे मी जी प्राचीन विद्या म्हणून नऊ मिनिटं डोळे अर्धे मिटून करत होतो, ती एका सरकारी समितीने बसवलेली होती आणि वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढी होती. हे कळलं त्या दिवशी मी संच सहा मिनिटांत उरकला.

*

संथ सरावातून लढता येतं का, हा वाद चीनमध्ये कागदावर नाही, लोकांसमोर झाला. एकदा नाही, अनेकदा.

१७ जानेवारी १९५४. मकाव. ताई चीच्या वू घराण्याचे वू गोंग-यी आणि श्वेत बगळा नावाच्या शैलीचे चान हाक-फू. वूंनी पन्नाशी गाठलेली, चान बरेच तरुण. त्याआधी नाताळच्या रात्री हाँगकाँगच्या शेक किप मेई वस्तीत भीषण आग लागून हजारो लोक बेघर झाले होते. त्यांच्या मदतीचं निमित्त होतं, तिकिटं लावलेली होती, आणि हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांनी आधीचे कित्येक दिवस तापवत नेलं होतं. त्या लढतीचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. मी दहा-बारा वेळा बघितलं. बगळा दिसत नाही, ताई चीचे ढगांसारखे हात दिसत नाहीत. दोन माणसं लांब हात करून एकमेकांकडे मुठी फेकताना दिसतात. मान मागे, हनुवटी वर, पाय गोंधळलेले. चानच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या फेरीत पंचांनी थांबवलं आणि निकाल दिला तो असा, की कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, आणि बरोबरीही नाही. आपल्या गावच्या जत्रेत पंचांनी असा निकाल दिला असता तर पंचांनाच माती चाटावी लागली असती.

गंमत म्हणजे त्या लढतीच्या उत्साहावर स्वार होऊन हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्राने तलवारबाजांची कादंबरी क्रमशः छापायला घेतली आणि तिथून चिनी युद्धकादंबऱ्यांची नवी लाटच उठली. प्रत्यक्षात जे जमलं नाही ते कागदावर फार छान जमलं.

पुढचे प्रसंग याहून वाईट. एप्रिल २०१७, छंगतू. शू श्याओतुंग नावाचा मिश्र युद्धकलेचा प्रशिक्षक आणि वेई लेई नावाचे ताई चीचे शिक्षक. वीस सेकंदांच्या आत शिक्षक खाली आणि वर मुठींचा पाऊस. मे २०२० मध्ये मा पाओक्वो, वय सत्तरीला टेकलेलं, एका पन्नाशीच्या हौशी माणसासमोर उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात तीनदा पडले. तिसऱ्यांदा उठले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे व्हिडिओ मी आप्पांना फोनवर दाखवले. मला वाटलं ते टिंगल करतील. त्यांनी मा पाओक्वोंचा व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि तिसऱ्या पडण्याआधी थांबवायला लावला. "याले कोनी पाडेलच नही कधी," ते म्हणाले.

एवढंच. सत्तरीच्या माणसाला त्याआधी कुणी पाडलंच नव्हतं.

*

आता आपल्या घरात बघू. परक्याच्या विद्येची चिरफाड करायला मजा येते, पण हेच सगळं आपल्याकडे झालेलं आहे आणि आपण त्याला वेगळी नावं दिली आहेत.

मल्लखांब घ्या. नावातच मल्ल आहे. बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात, मल्लांच्या व्यायामांत स्तंभश्रम येतो. खांबाशी झुंजायचं, कारण खांब दमत नाही आणि रोज इतके जोडीदार कुठून आणायचे? मधे ते मागे पडलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभं केलं. अली आणि गुलाब या निजामाकडच्या पैलवानांना आव्हान देण्यासाठी दादांनी खांबावर तयारी केली, अशी परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे. गोष्टीतला तपशील कितीही असो, खांब लढतीसाठी होता हे नक्की. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला आपले भारतीय व्यायामप्रकार दाखवले तोवर मल्लखांब दाखवण्याची कला झालेला होता. आज तो नितांतसुंदर खेळ आहे, त्यात गुण मिळतात, पोरी-पोरं दोरावर अशी उलटतात की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण मल्लखांबपटू गल्लीतल्या मारामारीत टिकेल का, असं कुणी विचारत नाही. कारण आजचे मल्लखांबवाले तसा दावा करतच नाहीत. ताई चीची अडचण तिच्या संथपणात नाही, तिच्या दाव्यात आहे.

सूर्यनमस्काराचंही तेच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तो शाळाशाळांतून पोचवला आणि लाखो लोकांची पाठ सरळ केली. तालमीतला नमस्कार आणि शाळेच्या पटांगणातला नमस्कार यांत अंगाची हालचाल तीच आहे. फरक एकच. तालमीत तो झाल्यावर पाच मिनिटांनी कुणीतरी तुमच्या मानेवर हात टाकणार असतो.

आणि हौदात तो हात रोज पडतो. जोर, बैठका, सपाटे हे सगळं एकट्याने करायचं. मग ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या लाल मातीत उतरायचं. वस्ताद जोड लावून देतो. सलामी झडते आणि खडाखडी सुरू होते. हात हाताला, कपाळ कपाळाला, मनगट पकडायचं, सोडायचं, मान दाबून बघायची. अजून कुणी डाव टाकलेला नाही. समोरच्याचं वजन कुठे आहे एवढंच शोधणं चाललेलं असतं. नवख्याला वाटतं की दोघं नुसते एकमेकांना ढकलतायत.

ताई चीत याला तुई शौ म्हणतात. हात ढकलणे. दोघं समोरासमोर, मनगटाला मनगट टेकवून, वर्तुळात फिरवत, समोरच्याचं वजन शोधत. माझ्या शिबिरात ते चौथ्या दिवशी दुपारी वीस मिनिटं शिकवलं होतं, जेवणानंतर. व्हिडिओत तर ते शक्यच नव्हतं. फोन ढकलत नाही.

*

बडोदा सुरतेहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. तिथे जुम्मादादांचा आखाडा आहे आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांचं नाव तिथले जुने मराठी लोक अजून हात जोडून घेतात. माणिकरावांनी लाठी, लेझीम, फरीगदगा, बोथाटी यांचं शिक्षण शिस्तीत बसवलं. कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी हिंदी आज्ञा आणल्या. आणि ते हाडं बसवण्यात नामांकित होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या आखाड्यात हाड बसवणारा लागतो, तिथे काहीतरी खरं चालू असतं.

ह्याच बडोद्यात द. चिं. मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. पहिला १९३६ चा, शेवटचा १९४९ चा. ते खंड चाळताना फरीगदग्याची पानं उलटली आणि माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, तलवारीच्या जागी. बोथाटीचं तर नावच बोथट: भाल्याच्या टोकाला कापडाचा गोळा. ज्याने ही साधनं काढली त्याला एक कोडं सोडवायचं होतं. खऱ्या तलवारीने सराव केला तर दुसऱ्या दिवशी सरावाला कुणी उरत नाही. हवेत तलवार फिरवली तर हात सुंदर होतो, पण समोरचा कधी वार चुकवतो, कधी खोटा वार दाखवतो, हे कळतच नाही. मग मधलं काहीतरी हवं. पूर्ण जोराने मारता यावं, समोरच्याने पूर्ण जोराने अडवावं आणि संध्याकाळी दोघांनी घरी जावं.

हे मधलं सोडून टोकाला गेलं की काय होतं तेही बडोद्यातच दिसलं होतं. खंडेराव गायकवाडांच्या काळात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी तिथे राहिला होता. त्याने 'नखी की कुस्ती'चं वर्णन लिहून ठेवलं आहे. हातात नख्या बांधलेले, अमली पदार्थांची झिंग चढलेले मल्ल, एकमेकांना फाडत. महाराज खूश होऊन पाहत आहेत. लढवय्ये जेठी मल्ल, मोढेराशी नातं सांगणारे. त्याच परंपरेचं मल्लपुराण बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली सांडेसरा आणि मेहता यांच्या संपादनाने छापलं. त्यात व्यायामाचे नाना श्रम सांगितलेत. खांबाचा आहे, मुद्गलाचा आहे, पोहण्याचा आहे, आणि रंगश्रम, म्हणजे प्रत्यक्ष रंगात उतरून लढण्याचाही. नख्यांची लढाई तमाशा होती. शिकणं या श्रमांत होतं. 'रस्त्यावरची खरी मारामारी'च हवी असं म्हणणाऱ्या पोरांनी रूसलेची ती पानं वाचावीत. इतकं खरं रोज करता येत नाही. जे रोज करता येत नाही ते अंगात मुरत नाही.

जपानच्या जिगोरो कानोंनी १८८२ साली कोदोकान काढलं तेव्हा नेमकी हीच तडजोड केली. जुन्या जुजुत्सूतले डोळे फोडण्याचे, सांधे मोडण्याचे प्रकार नुसत्या पाठांतरापुरते ठेवले आणि फेकणं-धरणं एवढंच मोकळ्या झुंजीत घेतलं. कमी घातक केल्यामुळे विद्या जास्त खरी झाली. कारण फेकताना समोरचा मनापासून नाही म्हणत होता.

*

पाय न हलण्याचं, सुरतेचं म्हणून एक प्रकरण आहे, आणि ते इथे आलंच पाहिजे. २७ डिसेंबर १९०७. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला आणलेलं. जहाल आणि मवाळ, अध्यक्षपदी रासबिहारी घोष. आदल्या दिवशी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना बोलू दिलं नव्हतं. त्या दिवशी टिळक व्यासपीठावर चढले, दुरुस्ती मांडायची म्हणून. अध्यक्षांनी परवानगी नाकारली. टिळक हलले नाहीत. सभेतून एक जोडा उडाला, लाल चामड्याचा, टोकदार, मराठी. तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, मग लाठ्या, मग पोलिस.

इंग्रज पत्रकार हेन्री नेविन्सन तिथे हजर होता. त्याने टिपलेलं एक दृश्य मला सोडत नाही. चहूकडून माणसं अंगावर येतायत आणि टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे आहेत, उचलून नेल्याशिवाय जाणार नाही म्हणून. आणि त्यांच्या शेजारी गोखले. राजकारणातले कट्टर विरोधक. टिळकांना कुणाचा हात लागू नये म्हणून दोन्ही बाहू पसरून उभे.

टिळक तेव्हा एक्कावन्न वर्षांचे. चौतीस वर्षांपूर्वी डेक्कन कॉलेजात शिरल्यावर त्यांनी पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं होतं. कुस्ती, पोहणं, नाव वल्हवणं. १८७३ चे जोर १९०७ ला उपयोगी पडले असं गणित मांडणं भाबडेपणाचं होईल. पण व्यासपीठावर खुर्च्या उडत असताना ज्याला हाताची घडी घालता येते, त्याला 'पाय कोठे शे तुना' हे विचारावं लागत नाही. आणि गोखल्यांनी कधी तालीम केल्याचं ऐकिवात नाही, तरी ते उभे राहिलेच. माझ्या सिद्धांताला इथे भोक पडतं. पडू द्या.

सुरतेहून अरविंद घोष बडोद्याला गेले. जानेवारी १९०८ मध्ये विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर तीन दिवस एका खोलीत निश्चल बसले. त्याच सुमारास बडोद्यात त्यांचं भाषण ऐकणाऱ्या पोरांमध्ये अंबूभाई पुराणी होते, जन्म सुरतेचा, १८९४ चा. पुढे त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू छोटूभाई यांनी माणिकरावांचा धडा घेऊन गुजरातभर आखाड्यांची चळवळ नेली. लाठ्यांच्या गदारोळातून निघालेला एक माणूस तीन दिवस हलत नाही आणि ते ऐकून आलेला पोरगा आखाडे काढतो. संथ आणि लढाऊ यांची आपल्याकडे अशी सरमिसळ नेहमीच होती. भांडण आत्ताचं आहे.

*

मग संथपणाचं काय? तो नुसता म्हाताऱ्यांचा टाइमपास का?

नाही. हे मी पँट भिजलेली असताना शिकलो. वेगात चूक लपते. पाऊल झपकन टाकलं की मधला क्षण, जेव्हा वजन ना या पायावर ना त्या पायावर, तो निसटून जातो. सावकाश टाकलं की तो क्षण लांब होतो, मांडी थरथरते, घोटा डुगडुगतो आणि चूक समोर येऊन बसते. ताई चीचे जुने लोक भरलेला पाय आणि रिकामा पाय असा भेद करतात, आणि दोन्हींवर सारखं वजन हा मोठा दोष मानतात. आप्पांनी माझ्या कोपराखाली बोटं लावली तेव्हा मी नेमका तसा होतो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दीड वर्ष मी हात सावकाश केले होते. पाय हातांच्या मागून फरफटत येत होते.

आणि आकडेही आहेत. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनचा एक अभ्यास आला. पार्किन्सनचे १९५ रुग्ण, तीन गट: ताई ची, वजनांचा व्यायाम आणि नुसतं ताणणं. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीवाले दोन्ही गटांच्या पुढे गेले आणि ताणणाऱ्यांपेक्षा कमी पडले. कमी पडले म्हणजे खरोखरच जमिनीवर. माझ्या वयाच्या माणसाची पुढची मारामारी बहुधा बाथरूमच्या फरशीशी असणार, तेव्हा ही बारीक गोष्ट नाही.

पण पडण्यापासून वाचणं आणि पाडणाऱ्यापासून वाचणं यांत एका माणसाचं अंतर आहे. फरशी डाव बदलत नाही. माणूस बदलतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मातीतली विद्या घेऊन गादीवर उतरले, सहावे आले. गादी वेगळी, नियम वेगळे, समोरची माणसं वेगळी. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य घेऊन आले. मधल्या चार वर्षांत माती विसरले नव्हते, गादीवरच्यांशी भिडत राहिले होते.

*

आता दर रविवारी आप्पा आणि मी. आधी मी माझा संच करतो, आता सात मिनिटांचा. आप्पा त्यातली एकच हालचाल करतात, ढगांसारखे हात म्हणतात ती, कारण त्यांची कंबर त्याने मोकळी होते. बाकीचं त्यांना पटलेलं नाही.

मग समोरासमोर. ते उजवं मनगट माझ्या मनगटावर ठेवतात. ओल्या टॉवेलसारखं जड आणि ढिलं. मी ढकलायला जातो तेव्हा ते तिथे नसतं. कुठे गेलं हे शोधेपर्यंत माझंच वजन मला पुढे घेऊन निघालेलं असतं आणि त्या क्षणी कोपराखाली ती दोन बोटं लागतात. चिनी पुस्तकांमध्ये ह्याची लांबलचक वर्णनं आहेत. ऐकणारी त्वचा, न अडवता रिकामं होणं वगैरे. आप्पांनी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. ताई ची हा शब्द त्यांना नीट उच्चारता येत नाही, ते 'ताईनी' म्हणतात, आणि बाकावरच्या बायका हसतात. मला वाटतं, यांग लूछानच्या हाताला हात लावला असता तर असाच जड-ढिला लागला असता. असं वाटायला पुरावा काही नाही.

"आते परत," आप्पा म्हणतात. मी उठतो, पँट झटकतो.

बागेतल्या दोघा-तिघांनी विचारलं आहे, आम्हीही येऊ का. या. गुडघ्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून या, जुनी पँट घालून या, आणि एकटे येऊ नका, जोडीदार घेऊन या. आप्पा एकटेच आहेत आणि त्यांना नातवाला शाळेत सोडायचं असतं.

गेल्या रविवारी मी अकरा वेळा पडलो. त्याच्या आदल्या रविवारी चौदा. आप्पा अजून एकदाही पडलेले नाहीत.